पायांची मशागत
वारीची दैनंदिनी, भाग पहिला : चामटोली

रविवार, २५ मे २०२५
महिनाभर नुसतं ठरवत होते, आज चालायला लागले. १९ जूनला आळंदीहून माउलींची पालखी निघेल आणि ६ जुलैला आषाढी. मधलं अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात. डब्यांच्या धंद्यात दिवसभर उभी असते, पण उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. चामटोली ते बदलापूर स्टेशन आणि परत, दोन तास दहा मिनिटं. कर्जत रस्त्याला कडेनं चालायला जागा नाही, ट्रक अगदी अंगाला घासून जातात. वर पाऊस. नवे बूट घातले होते, उजव्या टाचेला फोड आला.

सोमवार, २६ मे
पाऊस. मान्सून मुंबईत पोचल्याचं आज जाहीर झालं. मे महिना अजून संपलासुद्धा नाही. लोकल उशिरा, त्यामुळे डबे उशिरा, दोन गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. शेजारचे काका बांधावर छत्री धरून उभे होते. राब भाजून तयार आहे, पण पेरायला वाफसाच मिळत नाही. चालणं ४० मिनिटं. टाच दुखते.

शुक्रवार, ३० मे
चालणं : १ तास ५० मिनिटं.
पाऊस, ट्रक, टाच.
दिंडीची भिशी भरली : ४,००० रुपये. यात वाटेवरचं जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक आला.
पोळ्या : २१०.

रविवार, १ जून
आज वांगणीच्या दिशेनं गेले. चंदेरीचा सुळका ढगात होता. रुळांजवळ थांबले तेव्हा २०१९ आठवलं. २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या इथेच उल्हासच्या पुरात अडकली होती. हजारावर माणसं रात्रभर गाडीत होती. मग एनडीआरएफच्या आणि नौदलाच्या बोटी आल्या. गावातल्या लोकांनी जमेल ते केलं. मी चहाचं पातेलं घेऊन गेले होते. कोल्हापूरकडचे एक आजोबा होते. ओल्या अंगानं कुडकुडत होते, तरी चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मगच प्यायले. त्यांचा चेहरा आता आठवत नाही, पण ते हात अजून डोळ्यांपुढे आहेत.

परतताना टाच फारच ठणकायला लागली. रस्त्याकडेला एक ठाकरीण प्लॅस्टिकच्या कागदाखाली जांभळं विकत बसली होती. मला लंगडताना बघून म्हणाली, "बस ना बाय, चार खा." मी पैसे काढले. तिला पैसे नको होते. मग मी जांभळंही घेतली नाहीत आणि निघाले. तिनं टोपली दुसरीकडे वळवली. दिवसभर तेच मनात घोळतंय. मी असं का केलं?

मंगळवार, ३ जून
उल्हासनगरला गजानन मार्केटमध्ये खरेदीला निघाले. गाडीत डोळा लागला, तो उघडला "पुढील स्टेशन विठ्ठलवाडी" ऐकून. इतकी वर्षं ही घोषणा ऐकतेय, आज पहिल्यांदा अंगावर काटा आला. उतरून उलटी गाडी धरली.
सुती पातळं दोन : ७६०
टॉवेल : ९०
बॅटरी : १५०
ताट, वाटी, पेला : २२०
रिक्षा : ६०
पाऊस. चालणं झालं नाही. बूट धाकट्याला देऊन टाकले.

शुक्रवार, ६ जून
चालणं : २ तास १५ मिनिटं, जुन्या चपलेत. ट्रक.

सोमवार, ९ जून
सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली. चौघांचा जीव गेला. माझ्याकडून डबे नेणारी पोरं याच मार्गानं दारात लटकून कामाला जातात. दुपारपर्यंत एकेकाला फोन लावत बसले. सगळे लागले. आज चालले नाही. स्वयंपाकातही लक्ष नव्हतं.

मंगळवार, १० जून
वटपौर्णिमा. वडाला फेऱ्या मारून झाल्यावर वरच्या आळीतल्या आजींकडे गेले. त्यांनी बावीस वाऱ्या पायी केल्या आहेत. आता गुडघे चालू देत नाहीत.

त्यांनी मला आधी चप्पल काढायला लावली. फोड बघितला. सुईत दोरा ओवला, दिव्यावर सुई धरली आणि फोडातून आरपार नेऊन दोरा आतच ठेवला. "पाणी दोऱ्यानं जाईल. कातडी सोलू नको, तीच तुझी चप्पल." मग प्लॅस्टिकचा कागद काढला. त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून बोटभर रुंदीच्या घड्या घालत गेल्या आणि शेवटी एका टोकाला धरून झटका दिला. कागद एका दमात डोक्यावर पसरला. मला पाच वेळा करायला लावलं. सहाव्यांदा जमलं.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब, ३० किलोमीटरच्या वर, आणि त्यातच दिवे घाट. "घाटात धावू नको. अभंगाच्या ठेक्यात पाय टाक, श्वास आपसूक येतो." मी माझ्या यादीतलं एकेक विचारत होते आणि त्या एकेक वस्तू काढून टाकत होत्या. तीन पातळं कशाला, दोन पुरे. उशी कशाला, पडशी आहे.

मग त्यांना जांभळांची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाय, वाटेत कोण पाणी धरंल, कोण भाकर. कोण पाया पडंल. नाय म्हनू नको. ज्यांना घर सोडून जायाला जमत नाय ना, ती तुझ्या पायानं चालतात."

पोटासाठी मी रोज लोकांना जेवू घालते, पण दुसऱ्याच्या हातचं घ्यायची सवय राहिलेली नाही. लगेच हिशेब करते, परत काय द्यायचं? आणि कुणी माझ्या पाया पडलं, तर मी काय करू? चालण्याचा सराव होतोय. याचा कुठे करायचा?

शनिवार, १४ जून
चालणं : ३ तास. येताना दमून एका अनोळखी घराच्या ओसरीवर टेकले. त्या घरातल्या सुनेनं न विचारता तांब्याभर पाणी आणलं. प्यायले. उठताना पाकिटाकडे हात जात होता, तो आवरला.

सोमवार, १६ जून
डब्यांची सोय नणंदेकडे दिली. गिऱ्हाइकांना कळवलं. एकानं ११ रुपये दिले, माउलींपुढे ठेवायला. मग आणखी चौघांनी दिले. वेगळ्या पुरचुंडीत बांधले.

मंगळवार, १७ जून
पडशी भरली : पातळं २, कागद, बॅटरी, ताट-वाटी-पेला, सुई-दोरा, खोबरेल, पुरचुंडी.

बुधवार, १८ जून
आज तुकोबांची पालखी देहूहून निघाली. उद्या आपली.

संध्याकाळी आजी काठी टेकत घरी आल्या, चिखलातून. हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी. "बसमधी खा." त्यांच्या गुडघ्यांकडे बघून 'कशाला एवढा त्रास' हे अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही. फडकं दोन्ही हातांनी घेतलं. अजून गरम होतं. मी वाकायच्या आत त्याच वाकल्या आणि माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.

बस पहाटे ४ वाजता. गजर ३ चा लावला आहे.