आठ फिरते पट्टे

गाणे हे मुळात कानाचे सुख. परंतु गाण्याबरोबर त्याचा व्हिडिओ पाहण्याची आवडही आता जगभर रूढ झाली आहे, आणि मोबाइलमध्येच कॅमेरा असल्यामुळे विद्यार्थीही आपल्या आवडत्या गाण्याचा व्हिडिओ करू पाहतात. बहुधा कॅमेरा आधी सुरू होतो व विचार मागाहून येतो. मग कोणी हसू लागतो, कोणी आपली पाळीच विसरतो, आणि पाहता पाहता दिवस मावळतो. अशा मुलांना एका अमेरिकन संगीतसंचाची हकीकत उपयोगी पडेल.

डेमियन कुलाश व टिम नॉर्डविंड हे अकरा वर्षांचे असताना मिशिगन राज्यातील इंटरलॉकन येथील कलाशिबिरात एकमेकांना भेटले. तेथील चित्रकलेचे शिक्षक मुलांना चित्राला प्रारंभ करावयास सांगताना ‘ओके, गो!’ असे म्हणत. हे शब्द दोघांच्या मनात असे घर करून राहिले की, १९९८ मध्ये शिकागो येथे त्यांनी आपला संच उभारला, तेव्हा त्याचे नावच ‘ओके गो’ ठेवले. आपले कोणते वाक्य विद्यार्थी जन्मभर जपतील, हे शिक्षकांनाही सांगता यावयाचे नाही!

२००६ मध्ये ‘हिअर इट गोज अगेन’ या गाण्याचा व्हिडिओ करावयाचे ठरले. भव्य देखावे नव्हते की उंची पोशाख नव्हते. डेमियनची बहीण ट्रिश सी ही नृत्ये बसविण्यात निपुण होती. तिने व संचातील चौघांनी मिळून आठ ट्रेडमिल मांडल्या. ट्रेडमिल म्हणजे व्यायामासाठी जागच्या जागी चालावयाचे, फिरत्या पट्ट्याचे यंत्र. चार-चारांच्या दोन रांगा केल्या. शेजारच्या पट्ट्यांच्या दिशा परस्परविरुद्ध ठेवल्या. कॅमेरा एकाच जागी उभा केला, आणि अट घातली ती अशी की, सुमारे तीन मिनिटांचे सबंध गाणे एकाच दमात चित्रित व्हावयाचे. मध्ये कोठेही कात्री लावावयाची नाही.

ही अट दिसते त्याहून कठीण आहे. एरवी एखादा प्रसंग बिघडला, तर तेवढाच पुन्हा घेता येतो. येथे मात्र शेवटच्या क्षणी एकाचे पाऊल चुकले की चौघांचे सारे श्रम वाया! स्थिर जमिनीवर तोल सावरावयास क्षणभर थांबता येते. फिरता पट्टा तेवढी सवड देत नाही, तो माणसाला मागे नेऊन टाकतो. म्हणून कोणी, कोणत्या ठोक्याला, कोणत्या पट्ट्यावर असावयाचे, हे आधीच ठरवून अंगवळणी पाडावे लागले. तरीही एका निर्दोष चित्रणासाठी सतरा वेळा प्रयत्न करावा लागला. ३१ जुलै २००६ रोजी हा व्हिडिओ यूट्यूबवर प्रसिद्ध झाला व २००७ मध्ये त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

शाळेतील मुलांनी त्यासाठी ट्रेडमिल आणावयाचे कारण नाही (आणि ते धोक्याचेही आहे). जिना, व्हरांडा व बाकांची रांग एवढे पुरे. पण गाणे मात्र मोजले पाहिजे. मिनिटाला १२० ठोके असतील, तर तीन मिनिटांत ३६० ठोके, म्हणजे चार-चारांचे ९० गट होतात. तबलजी आवर्तने मोजतो, तसे हे गट मोजावे. कागदावर चौकटी आखून प्रत्येकीत त्या वेळचे चित्र काढावे. ते सुबक नसले तरी चालते; कोण कोठे उभा आहे, हे कळले म्हणजे झाले. गाणे दुसऱ्याचे असेल आणि व्हिडिओ सर्वांसाठी प्रसिद्ध करावयाचा असेल, तर त्या गाण्याचे व ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्यांच्याकडे असतील, त्यांची अनुमती घ्यावी. हे पत्र पहिल्याच दिवशी लिहावे; उत्तर येण्यास वेळ लागतो.

चित्रणाच्या वेळी ध्वनिमुद्रित गाणे मोठ्याने वाजवितात व मुले त्याबरोबर ओठ हलवितात. पायांचा आवाज, कुजबुज यांसह तेथे टिपलेला ध्वनी काढून मूळ ध्वनिमुद्रण मागाहून चित्राला जोडतात. हे गाणे सुरू करणारा विद्यार्थी पडद्यावर कोठेही दिसत नाही. तरी त्याने जवळ घड्याळ व तो चौकटींचा कागद ठेवून, दर वेळी पहिल्या ठोक्याच्या आधी सर्वांना इशारा द्यावयाचा असतो. आणि सतराव्या वेळीही तो पहिल्याइतकाच ठळक द्यावा लागतो.