सूर्यास्तापूर्वीचा केक

पुण्याच्या कॅम्प भागातील त्या जैन घरी शेजारच्या ख्रिस्ती मावशी 25 वर्षे नाताळचा केक पाठवीत. त्यात अंडे असल्याने आजी तो हात जोडून परत करीत. यंदा आजारपणाने मावशींचे हात कापू लागले आणि केक आला नाही. तेव्हा आजींनीच कोको, मैदा, साखर, तेल काढले; अंड्याऐवजी त्याच दिवशीचे ताजे दही घेतले. दह्याच्या आंबटपणाने खाण्याचा सोडा फसफसतो आणि त्या वायूने केक फुलतो. दुपारी 180 अंशांवर भाजलेला केक सूर्यास्तापूर्वी मावशींच्या घरी कापला गेला. मावशींनी थरथरत्या हाताने पहिला घास आजींना भरविला. आजींचा नियम अबाधित राहिला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच दोघींचा नाताळ एकत्र साजरा झाला.