समुद्र नावे, प्रवरा जमा
इटलीत समुद्रकाठी व्हिएत्री नावाचं गाव आहे. तिथली रंगीत मातीची भांडी बघायला म्हणे जग लोटतं. आमच्या हिलाही जायचं होतं. पण बँकेची एल.टी.सी. समुद्र ओलांडत नाही! तेव्हा समुद्र नावे टाकला, प्रवरा जमा केली आणि नगरहून एस.टी.ने संगमनेरजवळचं जोर्वे गाठलं.

हसू नका. १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी इथे उत्खनन केलं, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भांड्यांना याच गावाचं नाव पडलं. पुढे दख्खनभर कुठेही तशी सापडली, तरी ती 'जोर्वे'च. तांबडा रंग, वर काळी नक्षी, बाजूला ऐटबाज तोटी, आणि टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज!

हे मी रंगवून सांगत होतो तेवढ्यात चहा आला, कागदी कपात. हिने कपाला टिचकी मारली.

"अहो, आणि तोटी?"