सारखे दिसणारे कनेक्टर

खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नातवाने भंगारातून जुना उच्चदाब पॉवर सप्लाय आणला. “आजोबा, बीएनसी केबल लावू?” सॉकेट तसेच दिसत होते, परंतु बँकेत सह्या पडताळल्याच्या सवयीने मी त्याला थांबविले.

जाणकाराने पाहून सांगितले, हा एमएचव्ही. जोर केल्यास बीएनसी त्यात बसते. मात्र तिची मर्यादा सुमारे ५०० व्होल्ट, आणि हा सप्लाय २००० व्होल्टचा! शिवाय काही एमएचव्ही जोड काढताना अर्थिंग आधी सुटते व बाहेरच्या धातूवरच विद्युतदाब येऊ शकतो.

त्यांनी सप्लाय बंद केला, कपॅसिटरमधील साठा उतरविला आणि पॅनेल व केबल, दोन्हीकडे एसएचव्ही बसविले. त्यात बीएनसी जुळत नाही.

नातवाचा हात वाचला; माझ्या खतावणीत याहून मोठी जमा नाही.