पट, पैज आणि शंभराचा हिशोब

संक्रांत झाली की आमच्या उमरेडकडे शंकरपटाचे वेध लागतात. पूर्वेला झाडीपट्टीत तर दिवसा पट, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे! यंदा भाच्याचा फोन आला, "मामाजी, मिरचीचे पाच हजार हातात हायेत. कोणत्या जोडीवर लावू?" फोनवर एवढं सगळं बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्याचं म्हणणं असं की महालक्ष्मीला घोड्यांवर पैसे लागतात ना, मग बैलांवर लावले तर काय बिघडलं? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानेच 1996 मध्ये म्हटलंय. पण ती सूट घोड्यांना. पटावरची पैज 1887 च्या कायद्याने जुगारच.

बरं, कायदा घटकाभर बाजूला ठेवू. भाच्याला बैल कळतात, हे मला मान्य. जोडीतले दोघे सारख्या वेगाचे आहेत का, माती भुसभुशीत आहे की टणक, जनावर कालच दुसऱ्या गावचा पट पळून आलंय का, धुरकरी कोण.. हे सगळं तो बघतो. इंग्लंडात चेल्टनहॅमला मार्चमध्ये चार दिवस अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांच्या 28 शर्यती होतात. तिथले जाणकारही हेच बघतात. जमीन किती ओली, याच मैदानावर घोडा आधी कसा पळाला, वगैरे.

गंमत अशी की हे सगळेच बघतात! चांगल्या जोडीचा भाव आधीच उतरलेला असतो. म्हणजे नुसते बैल कळून भागत नाही, बाकीच्यांपेक्षा जास्त कळावे लागतात.

आता हिशोब बघा. समजा बरोबरीची पैज आहे, शंभराला शंभर, आणि मधला माणूस जिंकलेल्या शंभरातले दहा ठेवून घेतो. शंभर पैजांपैकी पन्नास जिंकल्या तर आले 4500, गेले 5000. निम्मे अंदाज बरोबर येऊनही पाचशेचा खड्डा! नुसतं बरोबरीत सुटायलाही शंभरात 53 वेळा जिंकावं लागतं. मधल्या माणसाला मात्र एकही बैल ओळखावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. मे 2014 मध्ये पट बंद झाले ते जनावरांच्या हालांमुळे. डिसेंबर 2021 मध्ये कोर्टाने पुन्हा मोकळीक दिली आणि मे 2023 मध्ये ती कायम झाली. पण अटी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, चाबूक-काठी चालणार नाही. जोडीवर लोकांचे हजारो रुपये लागले की धुरकऱ्याचा हात किती वेळ रिकामा राहील? सात वर्षं मैदानं ओस पडली होती, ती पुन्हा पडायला वेळ लागणार नाही.

तेव्हा बाबू, पटाला जरूर जा. सोबत एक वही घे. जोड्या सुटायच्या आधी अंदाज लिही, नंतर मोज. शंभरात किती आले ते मला कळव. मिरचीचे पाच हजार तेवढे ताईच्या हातात दे.