रोगाचा उलटा प्रवास

न्हाणीघराच्या कोपऱ्यात, साबणाच्या वडीखाली कधीकधी गुलाबी, बुळबुळीत थर धरतो. ब्रश मारला की जातो, चार दिवसांनी पुन्हा हजर. बहुतेकदा ही करामत सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूची. तो माती-पाण्यात असतो, तसा माणसाच्या आतड्यातही. हॉस्पिटलात अशक्त पेशंटला तो छळतो. पण एवढ्यावर त्याची मजल थांबत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांभोवतीच्या उथळ समुद्रात एल्कहॉर्न नावाचं प्रवाळ असे. पसरट शिंगांसारख्या पिवळट-तपकिरी फांद्या आणि त्यांच्या आडोशाला माशांची वस्ती. १९९६ मध्ये की वेस्टजवळ या फांद्यांवर पांढरे चट्टे दिसले. नुसता रंग उडाला नव्हता. जिवंत आवरण झडून खालचा चुन्याचा सांगाडा उघडा पडला होता. चट्टा दिवसाला सरासरी अडीच चौरस सेंटिमीटर पसरे. या ‘व्हाइट पॉक्स’मागे सेराशिया असल्याचं २००२ मध्ये समोर आलं. पण तो माणसाकडूनच आला कशावरून? २०११ मध्ये कॅथरिन सदरलँड आणि सहकाऱ्यांनी सांडपाण्यातला जिवाणू प्रयोगशाळेत प्रवाळावर सोडला. चार-पाच दिवसांत रोगाची लक्षणं उमटली. बेटांवर वर्षानुवर्षं सेप्टिक टाक्या आणि शोषखड्डे होते, खाली सच्छिद्र चुनखडक. मुरलेलं पाणी समुद्र गाठायला कितीसा वेळ?

साथ आली की आपण वटवाघळांना, डुकरांना, कोंबड्यांना जबाबदार धरतो. प्रवाळाला तशी तक्रार करायची सोय नाही.

सगळं पाप सांडपाण्याच्या माथी मारता येणार नाही. पुढे काही रोगट फांद्यांत हा जिवाणू सापडलाच नाही. २०२३ च्या सागरी उष्णतेच्या लाटेनं तर तिथलं उरलंसुरलं एल्कहॉर्न जवळपास संपवलं. पण तापणारं पाणी आवरायला सगळ्या जगाला एकत्र यावं लागतं. मैला अडवायला एका गावानं मनावर घेतलं तरी पुरतं. कीजवाल्यांनी ते घेतलं. घरोघरचे खड्डे बंद करून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांकडे वळवलं.

प्रवाळ आपल्या मालवणच्या समुद्रातही आहे. तिकडे खोली बुक करताना आपण हमखास विचारतो, खिडकीतून समुद्र दिसतो का? त्याच फोनवर आणखी एक विचारा : संडासाचं पाणी कुठं जातं?