पोर्ट पुरेनात

रविवार, रात्री उशिरा

रेडिओची केबल, साउंड इंटरफेस, एसडीआर डाँगल (संगणकावर चालणारा छोटा रिसीव्हर), जीपीएस, माउस. लॅपटॉपला पोर्ट तीन. हौशी रेडिओ म्हणजे एकेकाळी संच, अँटेना आणि मोर्सची की. आता मध्ये संगणक येऊन बसलाय. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये एफटी८ ही डिजिटल संदेशपद्धत आणली, तेव्हापासून पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत संगणकच बोलतो, संगणकच ऐकतो.

पोर्ट वाढवायला साधा यूएसबी हब घेतला तर सगळी उपकरणं एकाच पोर्टच्या विजेवर जगणार: यूएसबी २.० ला ५०० मिलिअँपिअर, ३.० ला ९००. एका ताटात किती जेवणार? म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. पण स्वस्तातला अडॅप्टर एचएफ (लघुलहरी) बँडवर खरखर ओततो, आणि ज्या क्षीण संदेशासाठी हा खटाटोप, तोच तीत बुडतो. उलट बाजूनेही धोका आहेच. आपण प्रक्षेपण सुरू केलं की त्याची ऊर्जा केबलमधून आत शिरते आणि साउंड इंटरफेस मध्येच गायब होतो. केबलवर चढवलेले फेराइटचे मणी दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतात.

शिवाय केबल दुसऱ्या पोर्टात गेली की विंडोज कधीकधी त्या उपकरणाचा कॉम पोर्ट क्रमांक बदलतं आणि सॉफ्टवेअरला रेडिओच सापडत नाही. तेव्हा ठरलं: प्रत्येक केबलवर चिठ्ठी, जागा कायमची. रेडिओ आणि साउंड इंटरफेस थेट लॅपटॉपला. बाकीच्यांनी हबवर दाटीवाटीने बसावं. माउस रुसला तरी चालेल, संपर्क तुटता कामा नये.